जुनी आवृत्ती पाठवू नका

तेर,
ता. ९ जुलै १९४८

प्रिय बंडप्पा यांस,
महालिंगप्पाचा शरणार्थ. हे पत्र एकट्यानं वाचा. तुमच्याकडं राहायला आलेली तुमची अक्का स्वयंपाकात असेल तेव्हा वाचा.

तुरुंगाच्या साहेबासाठी घेतलेला तो चार भागांचा नाण्यांचा ग्रंथ मला खरा कितीला पडला, ते आज जुळवलं. सोलापुरात नवी आवृत्ती साठ इंग्रजी कलदार रुपये, म्हणजे आपले निजामाचे सत्तर हाली. सरहद्दीच्या नाक्यावर ग्रंथ लपवलेली पोती उघडू नयेत म्हणून दहा, गाडीभाडं चार. जुन्या आवृत्तीचे दुकानदार एकशेदहा सांगत होता. पन्नास वाचवले, असं तुमच्या ओट्यावर बसून मी किती ऐटीत सांगितलं!

तुम्ही तेव्हाच म्हणालात, "दाजी, नाणी जमवणारा माणूस जुनीच मागतो. तिच्यातली चित्रं लई बारकाईनं छापल्यात."

"अहो, शेंगांत जुना माल म्हंजे खवट माल," मी म्हणालो. "नवीत नाणी जास्त, वर किमती दिलेल्या. तुरुंगाच्या साहेबाला ह्यात काय कमी हाय?"

तुमची अक्का आतून कडाडली, "माझ्या पोराची सुटका हाय ती! शेंगांचा सौदा न्हाय!"

मी हसलो. हमाली करून शेंगांची आडत उभी केलेला माणूस मी. पोतं हलवलं की आत पोकळ शेंगा किती ते कानाला कळतं, आणि माणूस खोटं बोलला तर तेही कळतं, असं वर बोललो.

गेल्या गुरुवारी ग्रंथ घेऊन तुरुंगावर गेलो. तिरंगा झेंडा लावला म्हणून आत घातलेल्या आपल्या सिद्रामचं नाव सुटणाऱ्यांत घालतो, असा साहेबाचा शब्द होता. त्यानं चारी भाग चाळले. "ये तो नई है सेठ. मेरे कू पुरानी होना. ये भी रहने दो." म्हणून मी तुम्हाला निरोप धाडला, जुनी वाट्टेल त्या भावानं घ्या.

घेऊ नका. घेतली असेल तर परत करा.

काल सिद्रामच्या बराकीतला उत्तरेश्वर सुटून आला. दुकानात उभाच राहिला, पाणी घेईना. "काका, तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

सिद्रामला हगवण लागली होती. औषध नव्हतं. मी ग्रंथ नेला त्या गुरुवारच्या आधीच, सोमवारी गेला. मागच्या भिंतीकडं पुरलं. बसवून पुरलं का, इष्टलिंग हातात दिलं होतं का, मी विचारलं. त्याला बिचाऱ्याला आपली लिंगायतांची रीत काय ठाऊक? म्हणाला, चादरीत होता, दुरून दिसलं.

अक्काला तुम्ही सांगा, बंडप्पा. माझ्यानं होत नाही. आधी तिला दोन घास खाऊ घाला. ती म्हणेल, नवी नेली म्हणून पोर गेलं. तिला सांगा, गुरुवारी जुनी नेली असती तरी तेच झालं असतं. साहेबाला फक्त दोन्ही आवृत्त्या हव्या होत्या.

त्या गुरुवारी मी साहेबाला दोनदा विचारलं होतं, पोरगा कसा आहे? "अच्छा है. मोटा हो गया," म्हणाला.

मला खरं वाटलं.

सिद्रामचा बाप,
महालिंगप्पा