शिबिरातील शून्य गुण रद्द करून खरी उत्तरे नोंदवून घेणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
भामाकाठ धर्मादाय रुग्णालय,
चाकण, ता. खेड, जि. पुणे

अर्जदार : दत्तोबा मारुतराव कड, वय ६७, रा. निघोजे

विषय : प्रोस्टेटविषयक प्रश्नांना अर्जदाराने दिलेली उत्तरे खोटी असल्याने, शुक्रवारी लघवीची नळी काढण्यापूर्वी खरी उत्तरे एकांतात घेणेबाबत.

संदर्भ : निघोजे येथील पुरुष आरोग्य शिबिर व गेल्या रविवारचा तातडीचा केसपेपर.

महोदय,

१. अर्जदार आणि त्याचे चुलतभाऊ ज्ञानदेव यशवंतराव कड यांच्या घरांची भिंत सामाईक आहे. भिंत सोडून बाकी सगळ्यात चढाओढ आहे. जमिनी कंपन्यांत गेल्यावर ज्ञानदेवने दोन मजले चढवले, म्हणून अर्जदाराने तीन चढवले. तिसऱ्यावर आजवर कोणी राहिलेले नाही. ही माहिती साहेबांना अवांतर वाटेल, परंतु पुढील आजार समजण्यास ती लागेल.

२. शिबिरात आपल्या दीक्षा सिस्टर टेबलाशी बसून विचारत होत्या: लघवी करूनही राहिल्यासारखी वाटते का, धार बारीक आहे का, मध्येच तुटते का, जोर लावावा लागतो का, रात्री उठावे लागते का, वगैरे सात प्रश्न. त्रास जितका जास्त, तितके गुण जास्त. सिस्टरांचा काही दोष नाही. पण रांग टेबलाला चिकटलेली, आणि अर्जदाराच्या मानेवर ज्ञानदेवचा श्वास. अर्जदाराने सातही प्रश्नांना शून्य सांगितले. शिवाय "पोरासारखी धार हाय" हे न विचारता सांगितले. पाठोपाठ ज्ञानदेवनेही शून्यच सांगितले आणि वर म्हणाला, "दादापेक्षा लांब जाती माजी." रांग हसली. शेवटी सिस्टरांनी हळूच नवरा-बायकोच्या संबंधांविषयी विचारले. त्यावर दोघांनीही "एकदम झकास" असे गावाला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितले.

३. त्यानंतर ज्ञानदेवमध्ये पडत गेलेला फरक अर्जदाराने डोळ्यांत तेल घालून पाहिला आहे. यात्रेच्या वर्गणीची बैठक दुपारभर चालली, हा गडी जागचा हलला नाही. कोल्हापूरला जाऊन आला आणि पारावर सांगत बसला, "गाडी एकदाबी थांबवली न्हाई." अर्जदाराला तर चाकण चौकातला सिग्नल सुटेपर्यंत कळ काढवत नाही. ज्ञानदेवची पत्नी जयमाला हल्ली कारण नसताना गजरा माळते. त्यावर अर्जदाराची पत्नी मंजुळाबाई जेवण वाढता वाढता म्हणाली, "भावाला इचारा की, गजरा कुठनं आणतो. का गजऱ्याच्याबी आधीचं काय इचारायचं हाय?" अर्जदाराने भोपळ्याच्या बिया खाऊन पाहिल्या, संध्याकाळचे पाणी तोडले. ज्ञानदेव काय औषध घेतो ते कळावे म्हणून त्याच्या घरच्या कचऱ्यावरही लक्ष ठेवले. त्यात काही सापडले नाही. जळफळाट मात्र वाढला.

४. रविवारी पिंपळे सौदागर येथे पुतणीचा साखरपुडा होता. अर्जदाराला सर्दी असल्याने त्याने मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या होत्या. हॉलमध्ये दोघे शेजारी बसले. ज्ञानदेव उठेना, म्हणून अर्जदारही उठला नाही. अखेर उठला तेव्हा लघवीचा थेंब उतरेना आणि ओटीपोट दगडासारखे झाले. मुतारीच्या भिंतीला कपाळ टेकून उभा असलेला अर्जदार ज्ञानदेवच्याच दृष्टीस पडला. त्याने गाडी काढली, आणि पाहुण्यांना "दादाची साखर उतरली" एवढेच सांगितले.

५. आपल्याकडे नळी घातल्यावर अर्जदाराला जे सुख झाले ते तिन्ही मजले बांधून झाले नव्हते. सोनोग्राफीत प्रोस्टेटची ग्रंथी बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारले, "बाबा, आधी कधी त्रास?" उशाशी ज्ञानदेव उभा होता. अर्जदार म्हणाला, "अजिबात न्हाई." त्यावरून केसपेपरवर असे लिहिले गेले आहे की, आधी तक्रार नव्हती, सर्दीच्या गोळीने लघवी अडली असावी, नळी निघाल्यावर लघवी नीट झाली तर लघवी मोकळी होण्यासाठी सुरू केलेली गोळी बंद करून पाहू. साहेब, ही गोळी बंद झाली तर अर्जदाराची लघवी पुन्हा अडेल. हे एकट्या अर्जदारालाच ठाऊक आहे आणि त्याचेच तोंड उघडत नाही.

६. परतताना चाकण चौक ओलांडल्यावर ज्ञानदेव म्हणाला, "दादा, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी गुपचूप ह्याच दवाखान्यात आलतो. खरं सांगितलं. मागनं बोटानं तपासलं, रगात घेतलं, गोळी चालू केली. दुसरं जे इचारलं व्हतं ना, त्याचंबी औषध दिलं. तुला सांगनार व्हतो. पर तू साती शून्य सांगितलेलं, मला वाटलं तुला खरंच काय न्हाई. लई जळलो राव तुझ्यावर." साहेब, अर्जदार महिनाभर ज्याच्यावर जळत होता, तो अर्जदाराच्या थापेवर जळत होता. अर्जदाराला यात क्षणभर बरे वाटले. नळीला हिसका बसल्याने ते फार टिकले नाही.

७. खरी स्थिती अशी की, दोन वर्षांपासून धार बारीक आहे, तुटते, जोर लावावा लागतो आणि झोप सलग मिळत नाही. सातही प्रश्नांचे गुण वरच्या अंगाचे धरावेत. बोटाची तपासणीही करावी. अर्जदार नाही म्हणणार नाही. रक्ताची तपासणी नळी असताना खरी येत नाही, ती नंतर करू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. ती राहून जाऊ नये.

८. तरी शुक्रवारी हा अर्ज वाचल्याशिवाय गोळी बंद करू नये. अर्जदाराला ज्ञानदेवच गाडीतून आणणार आहे. त्याला येऊ द्यावे, परंतु प्रश्न विचारतेवेळी दाराबाहेर बसवावे. नवरा-बायकोविषयीच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मंजुळाबाई स्वतः आत येऊन देणार आहे, असे तिने बजावले आहे. तेवढ्या वेळापुरते अर्जदारालाही बाहेर, ज्ञानदेवशेजारी बसवले तरी त्याची हरकत नाही.

आपला नम्र व तूर्तास खरे बोलणारा,
दत्तोबा मारुतराव कड
निघोजे, बुधवार

सोबत : केसपेपर व सोनोग्राफी अहवालाची प्रत