सरपंचाला दूधभात

नौपाडा, ठाणे.

ती. प्रमोदिनीआत्याला वल्लरीचा वाकून नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन छान झालं म्हणे. थेंब वेळेवर घाल आणि उगाच शेजारपाजारच्यांना डोळा दाखवत बसू नकोस. (फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मोठ्याने हसतेस आणि इकडे आईचे कान स्वयंपाकघरातूनही तिखट असतात.)

बाबांची अट तुला माहितीये. पंधरा दिवस जनावरांच्या दवाखान्यात टिकायचं, डॉक्टरांचं तसं पत्र आणायचं, तरच व्हेटर्नरीच्या फॉर्मवर सही. नाहीतर मुकाट कॉम्प्युटर! पण मला उभं कोण करणार? नौपाड्यातल्या एका डॉक्टरांनी दारातूनच हात जोडले. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी काय पाळलंय? मी म्हटलं, तुळस. शेवटी कोलशेतचे डॉक्टर सुधीर तयार झाले. म्हणाले, कोपऱ्यात उभी राहा, बघ, आणि तोंड बंद ठेव. तीन दिवस ठेवलं गं! कसं ठेवलं ते माझं मला माहीत.

चौथ्या दिवशी डॉक्टर आत एका कुत्र्याला टाके घालत होते आणि सगुणामावशी आल्या. कोळीवाड्यातल्या, मासळी विकतात. टोपलीत त्यांचा बोका, नाव सरपंच, आणि तब्येतही तशीच. दोन दिवस काही खाल्लं नव्हतं त्याने. माझा पांढरा ॲप्रन बघून (कॉलेजच्या केमिस्ट्रीचा, खिशाला ॲसिडचं भोक) त्यांनी विचारलं, ‘‘पोरी, याला काय देऊ गो?’’ आणि मी ठसक्यात सांगितलं, दूधभात! आपल्या घरात तापातल्या माणसापासून वाट चुकलेल्या कबुतरापर्यंत सगळ्यांना तोच देतात ना! मावशी बिचाऱ्या विश्वास ठेवून, डॉक्टरांसाठी न थांबता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरपंच परत आले आणि टेबलावर, जमिनीवर अन् माझ्या ॲप्रनवर दूधभात परत करून मोकळे झाले. (कुठून, ते विचारू नकोस.) डॉक्टर कडाडले, मांजराला दूध कोणी दिलं? मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘शेजारनीनं सांगतला.’’ आत्या, मी गप्प बसले असते तर वाचले असते. पण तो बोका इतका केविलवाणा बघत होता की मला राहवेना. म्हटलं, शेजारीण नाही, मी सांगितलं. आता हाकलणार, सही गेली, सगळंच गेलं, असं वाटून मला रडूच फुटलं.

हाकललं नाही. डॉक्टर म्हणाले, तू बिघडवलंस, आता तूच भरवायचं. सुई, औषधं त्यांची. आणि उकडलेली बोई मासळी, बिनमिठाची, काटे काढून, माझ्या हाताने. माझ्या! ज्या घरात अंड्याचं चित्रसुद्धा फ्रीजवर लावत नाहीत, त्या घरातल्या मुलीच्या! पहिल्या दिवशी मी बेसिनवर ओकले. दुसऱ्या दिवशी मावशींनी शेजारी बसून शेपटीकडून काटा कसा ओढायचा ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी सरपंचाने माझी बोटं चाटून पुसून साफ केली, आणि मला इतका आनंद झाला की मी त्याच्या डोक्याचा मुका घेतला. त्याने ओरबाडलं. असू दे.

काल पंधरा दिवस भरले. काकांना नमस्कार.

तुझी,
वल्लरी

ता.क. खरं काम असं, की डॉक्टरांनी पत्र दिलंय, पण त्यात सगळं लिहिलंय. चूक, कबुली आणि तीन दिवसांची मासळी, अगदी शेपटीकडून काटे काढण्यापर्यंत! हे बाबांना कसं दाखवू? तुझं सासर मासे खाणारं, तू त्यांची मोठी बहीण, तुला ते घाबरतात. रविवारी ये आणि ते वाचत असताना शेजारी बस. प्लीज.

ता.क. २. येऊ नकोस. डॉक्टरांचं पत्र बाबांनाच सापडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, ‘‘कबूल केलंस, बरं केलंस,’’ म्हणाले आणि फॉर्मवर सही केली! मी नाचणार, इतक्यात आई आत गेलेली बघून हळूच म्हणाले, ‘‘बोईचे काटे शेपटीकडून कशाला काढतेस? प्रमोदिनीताई मला नेहमी डोक्याकडून काढून देते.’’

आत्या!! किती वर्षं? रविवारी आम्हीच येतोय, दोघं. आईला सांगितलंय, तुझा डोळा बघायला.