बोलक्या मालकाची अभ्यासिका

११ जानेवारी. नांदेड–लातूर एसटीत.
सेमिनार उत्तम झाला. विषय: छोट्या धंद्यात मालकाचं व्यक्तिमत्त्व. कोटवाले सर म्हणाले, गिऱ्हाईक माल घेत नाही, माणूस घेतं. स्वतःला दाखवा, गोष्टी सांगा, कनेक्ट व्हा. मी पहिल्या रांगेत मान हलवत होतो. मला यात नवीन काहीच नव्हतं. वडिलांच्या, म्हणजे गुरुपादप्पांच्या कापडदुकानात मी आयुष्यभर हेच केलं. बाई गादीवर टेकली की कोणतं गाव, कुणाच्या तुम्ही, लेक कुठं दिली. एवढं विचारून होईस्तोवर साड्या बांधून तयार. दुकान बंद पडलं ते ऑनलाइनमुळे. त्यात माझा दोष नाही.

त्याच जागेत जूनपासून अभ्यासिका आहे. लातूरला नीटची पोरं ढिगानं येतात, त्यांना बसायला केबिन, एसी, लाइट. पण मुख्य कारण सृष्टी, माझी लेक. बारावीला आहे, मेमध्ये तिचा नीटचा पेपर. तिनं डोळ्यांसमोर बसून अभ्यास करावा म्हणून तर हा घाट. पण निम्म्या केबिन रिकाम्या. आणि समोर धम्मानंदची अभ्यासिका फुल्ल! मालकाचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. दाराला अंगठा लावा, फी क्यूआरवर टाका. याला काय धंदा म्हणायचं?

माझी चूक सापडली. मी आजवर फार गप्प राहिलो.

(हे सगळं शेजारच्या गृहस्थांना समजावून सांगितलं. ते अहमदपूरला उतरले. तिकीट लातूरचं होतं.)

१४ जानेवारी. संक्रांत.
केबिन-केबिनला जाऊन तिळगूळ वाटला. पोरं कानातले बोळे काढतात, म्हणजे ऐकायची इच्छा आहे. प्रत्येकाला गाव विचारलं, मागच्या टेस्टचे मार्क विचारले. शिरूर अनंतपाळच्या एका पोराचा मामा माझ्या ओळखीचा निघाला. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. मामानं भाच्याला दहा मिनिटं झापलं. एकदम घरच्यासारखं वातावरण.

जेवताना सृष्टी म्हणाली, अप्पा, तिथं शांत बसायला मिळतं म्हणून लोक पैसे देतात. मी म्हणालो, येतात शांततेसाठी, टिकतात माणसासाठी. ती कपाळाला हात लावून म्हणाली, हाव अप्पा. पटलं तिला.

२३ जानेवारी.
सृष्टीचा डबा नेहमीप्रमाणे खरकटा. झाकणाला आमटी वाळलेली. गौरम्मा, माझी बायको, रोज ओरडते, आगं नळाखाली तर धरत जा, मी काय तुझी मोलकरीण हाय? सृष्टी म्हणते, हायस की. मग दोघी हसत बसतात. मला त्यात कुणी घेत नाही. तरी बरं वाटतं.

२ फेब्रुवारी.
छोटा स्पीकर आणि माइक आणला. दर दोन तासांनी ‘अप्पांसोबत पाच मिनिटं’. आजचा विषय: माझं बालपण आणि जिद्द. पाचाची वीस झाली, पण लय लागली होती. एक पोरगं हळूच म्हणालं, काका, जरा हळू. लाजाळू आहे. मी माइकवरूनच विचारलं, काय म्हणालास बाळ, सगळ्यांना ऐकू दे. बसलं खाली.

९ फेब्रुवारी.
तीन पोरं सोडून गेली. लग्नसराई आहे, गावाकडं जावं लागत असेल.
(समोर गेली असं सृष्टी म्हणते. तिला धंद्यातलं काय कळतं.)

१७ फेब्रुवारी.
सृष्टीच्या शेजारच्या केबिनमधली ऋतुजा जळकोटची. वडील एसटीत ड्रायव्हर. पोरगी कुणाशी बोलत नाही. मी दोनदा प्रयत्न केला, नुसती मान हलवते. सृष्टीशी मात्र गट्टी. दोघी एका डब्यात जेवतात.

आज सृष्टी आईला सांगत होती, मी ऐकलं. ऋतुजा रिपीटर आहे. मागच्या वर्षी फार कमी मार्क पडले. बापानं गावात सांगितलंय, लेकीला मेडिकल कॉलेजला ॲडमिशन मिळालं. सुट्टीत गावी गेली की पोरगी खोटं-खोटं कॉलेजचं वर्णन करून सांगते. सृष्टीचं माझ्याकडं लक्ष गेलं. म्हणाली, अप्पा, हे कुणाला बोलायचं न्हाई. माझी शपथ हाय. मी म्हणालो, मी काय येडा हाय का?

२८ फेब्रुवारी.
आणखी केबिन रिकाम्या झाल्या. अभ्यासिकेची रोज एक रील टाकतो, पण लाइक येत नाहीत. मी पूजा आटोपून, विभूती लावून, वडिलांच्या फोटोखाली उभा राहून बोलतो. विभूती कॅमेऱ्यात चांगली उठून दिसते. तरी नाही. कोटवाल्या सरांना मेसेज टाकला. उत्तर आलं: स्वतःबद्दल कमी, गिऱ्हाइकाची खरी गोष्ट सांगा.
खरी गोष्ट. विचार चालू.

१ मार्च.
झालं! संध्याकाळी ऋतुजा पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. गालाला पेनाची शाई. मन भरून आलं. हळूच मोबाइलवर घेतलं, वरून माझा आवाज: ही जळकोटची ऋतुजा. गावाला वाटतं लेक कॉलेजात आहे. पण मागच्या वर्षीच्या अपयशाशी ही इथं एकटी झुंजते आहे. एकटी? नाही. अप्पा आहेत.
शेवटचं वाक्य दोनदा रेकॉर्ड केलं. नाव गाळावं असं एकदा वाटलं. पण नावाशिवाय माणूस कनेक्ट कसा होणार?

२ मार्च.
लाइकच लाइक. जळकोट, उदगीर, पार देगलूरपर्यंत पोचलं. अनोळखी लोक लिहितात, सलाम अप्पा. सृष्टीला दाखवायला केबिनकडं गेलो. ती तिथं नव्हती. ऋतुजाही नव्हती. दोघी बाथरूममध्ये, आतून कडी.

३ मार्च.
ऋतुजाचे वडील आले. खाकी कपड्यांतच, थेट ड्युटीवरून. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. ते बसले नाहीत. म्हणाले, शेठ, व्हिडिओ मला माझ्याच गाडीतल्या पॅसेंजरनं दाखवला. मी गाडी चालवत होतो. मागून हात पुढं करून म्हणाला, ही तुमचीच का हो?

एवढंच. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. माझा हेतू चांगला होता, हे मला सांगायचं होतं. ते पुस्तकं पिशवीत भरत होते, ऋतुजा दाराशी भिंतीकडं तोंड करून उभी. चहा तसाच राहिला.

रील काढून टाकलं. लोकांकडं आधीच गेलंय म्हणे.

सृष्टी फक्त एक वाक्य बोलली. मी शपथ घातली होती, अप्पा.

११ मार्च.
सृष्टी बोलत नाही. अभ्यासाचा ताण असणार.

१९ मार्च.
सृष्टीची केबिन रिकामी. गौरम्मा म्हणाली, समोर जाऊन बसली धम्मानंदकडं. ऋतुजा गावी जायला तयार न्हाई, ती पण तिथंच हाय. पेपर होईस्तोवर दोघी ऋतुजाच्या रूमवर राहणार. मी म्हणालो, मला न विचारता? गौरम्मा म्हणाली, तुमाला सांगितलं की गावाला कळतं.
ही बोलायची पद्धत झाली का?

२७ मार्च.
ठरवलं, माफी मागायची. मनापासून. स्क्रिप्ट लिहिली, पांढरा सदरा घातला, वडिलांच्या फोटोखाली मोबाइल लावला. ‘जळकोटच्या ऋतुजाची जाहीर माफी’ एवढं म्हणालो, तोच गौरम्मानं मोबाइल ओढून घेतला. म्हणाली, त्या लेकराचं नाव पुन्यांदा तोंडातून काढलात तर मी बी जाईन समोर राहायला.
म्हणजे आता माणसानं माफीसुद्धा मागायची नाही.

८ एप्रिल.
अभ्यासिकेत कुणी नाही. एसी बंद ठेवलाय. बसून पाहिलं, सृष्टीच्या केबिनमध्ये. घड्याळाचा आवाज येतो. इथं अभ्यास खरंच छान होईल.

२१ एप्रिल.
सृष्टीचा डबा रोज गौरम्मा नेते, खरकटाच परत आणते. आज तिचा गुडघा धरला, म्हणून मी गेलो. मनात वाक्यं जुळवली होती. फार नाही, चार-पाच मिनिटांची.

धम्मानंद पायरीवर पुस्तक वाचत बसलेला. पोरगाच आहे, चष्म्याचा. इतके दिवस मी याला वॉचमन समजत होतो. उठून उभा राहिला. म्हणाला, काका, ती म्हणालीय, कुणाला आत सोडू नका. मी म्हणालो, कुणाला म्हणजे परक्याला, मी बाप आहे. तो खाली बघत म्हणाला, तुमचंच नाव घेऊन म्हणालीय, काका. डबा द्या, मी देतो नेऊन.

काचेतून दिसत होत्या दोघी, शेजारी शेजारी. सृष्टीनं केस कापलेत. कधी कापले, कळलं नाही. मी काचेवर बोट वाजवायला हात वर केला. धम्मानंद नुसता बघत राहिला. हात खाली घेतला.

पण डबा तिनं घेतला. ही सुरुवात आहे. उद्यापासून मीच नेणार.

२२ एप्रिल.
संध्याकाळी धम्मानंदनं डबा परत आणून दिला. रिकामा! सगळं खाल्लं. मी गौरम्माला म्हणालो, बघ, राग निवळला. तिनं झाकण उघडलं आणि तशीच धरून बसली. मी डोकावलो. आतून लख्ख. साबणानं धुतलेला, फडक्यानं कोरडा पुसलेला. मी म्हणालो, पोरगी शहाणी झाली, तुझं काम वाचलं. गौरम्मा हसली नाही.

शेजारच्या सिद्रामप्पांच्या घरून आमटी येते तेव्हा आपण डबा असाच परत करतो.