वर्णमची उरलेली तेरा मिनिटं

चामराजपेट, बेंगळुरू
८ फेब्रुवारी २०२५

चि. कस्तुरी हिस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण बाजारात जाणं तिने सोडलेलं नाही. कोरमंगला इथून अर्ध्या तासावर. तरी पत्र लिहून आजच माणसाच्या हाती पाठवतोय, कारण माझे फोन तू घेत नाहीस.

गेल्या रविवारी आपल्या मराठी मंडळात वादसभा झाली. विषय : स्मार्टफोन असताना वेगळा म्युझिक प्लेअर कशाला? मी प्लेअरच्या बाजूने उभा राहिलो. म्हणालो, "फोन हा चव्हाटा आहे. तिथे कुणीही, कधीही हाक मारतो. कलाकाराला असं यंत्र हवं, ज्याला कुणाचाच निरोप येत नाही!" टाळ्या बऱ्याच पडल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून तुझी आत्या म्हणाली, "सरी, पटलं, नरसिंहा. पण हे त्या पोरीला सांगितलंस का?" सगळे हसले. मीही हसलो.

सप्टेंबरात, तुझ्या पहिल्या स्वतंत्र नृत्याच्या दिवशी, मी नेमकं उलट बोललो होतो. वर्णमचं, भरतनाट्यममधल्या त्या सगळ्यात लांब नृत्याचं, रेकॉर्डिंग तू प्लेअरवर आणलं होतंस. मी तो खणात टाकला. "फोनमध्ये सगळं असतं. दोन-दोन डबडी कशाला?" तू वाद घातला नाहीस. रेकॉर्डिंग माझ्या फोनवर घेतलंस, फ्लाइट मोड लावलास, मला स्पीकरच्या टेबलाशी बसवलंस आणि म्हणालीस, "अण्णा, आता याला हात लावू नका."

पुढचं सगळ्या सभागृहाने ऐकलं. संगीत थांबलं आणि स्पीकरमधून मंडळाच्या चिटणीसाचा, हयवदनचा आवाज आला, "नरसिंहराव, अभिनंदन! अध्यक्षपद तुमचंच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू एक पाय उचललेला, तशीच उभी होतीस.

फ्लाइट मोड आपोआप निघाला, असं मी तुला सांगितलं. तुझ्या आईलाही. रविवारी व्यासपीठावरूनही हाच दाखला दिला.

तो मी काढला होता. निवडीची बैठक त्याच संध्याकाळी होती आणि हयवदन फोन करणार हे मला ठाऊक होतं. वाजल्यावर उचललाही मीच. बोट घसरलं नव्हतं. प्लेअर हवाच, हे माझं मत आजही पक्कं आहे. पण त्या दिवशी दोष फोनचा नव्हता. उद्याच्या सभेत हे उभं राहून सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून घाई.

प्लेअर काल चार्ज केला. सोबत पाठवतोय. वर्णम बावीस मिनिटांचं आहे. त्या दिवशी ते नवव्या मिनिटाला थांबलं. उरलेली तेरा मिनिटं मी काल पहिल्यांदा ऐकली.

पंधरा तारखेच्या कार्यक्रमाची तुझी पत्रिका आईच्या एकटीच्या नावाने आली आहे. ते योग्यच आहे. तिला रिक्षात बसवून मी परत येईन. तू नाचत असशील तोवर माझा फोन बंद राहील.

त्या टाळ्या संपेपर्यंत तू पाय खाली टेकवला नव्हतास. मी पाहत होतो, आणि फोनवर "धन्यवाद" म्हणत होतो.

अण्णा