निनादचे तेवीस प्रश्न

३ जानेवारी २००७, बुधवार

हसून हसून पोट दुखतंय. निनादला सर्दी झालीय म्हणून वैशाली नगरच्या डॉ. माथुरबाईंकडे गेलो होतो. त्या दीड-दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या आईबापांकडून एक फॉर्म भरून घेतात. जयपुरात सगळं हिंदीतच. तेवीस प्रश्न, उत्तर हो की नाही. मूल नजरेला नजर देतं का, हाक मारली की बघतं का, असलं सगळं. ऑटिझमची शंका असली तर लवकर कळावी म्हणून. मी निनादचं नाक पुसत होते, म्हणून रणजीतने भरला.

बाई वाचता वाचता थांबल्या. तेवीसच्या तेवीस 'नाही'!

आमचे साहेब विमा कंपनीत. दिवसभर लोकांचे प्रपोजल फॉर्म तपासायचे. मधुमेह? नाही. दमा? नाही. ऑपरेशन? नाही. सगळीकडे 'नाही' म्हणजे माणूस ठणठणीत. इथे नेमकं उलटं होतं, बहुतेक ठिकाणी 'हो' म्हणजे ठीक. तेवीसपैकी एकोणीस उत्तरांत आमचं पोर नापास. "भाईसाहब, मैं बच्चे का बीमा नहीं कर रही," बाई म्हणाल्या. रणजीत कानापर्यंत लाल. कोरा फॉर्म मिळाला — घरी शांतपणे भरून आणा.

४ जानेवारी

फॉर्म मी भरला. रणजीतच्या हातात पेनसुद्धा दिलं नाही.

हाक मारल्यावर बघतो? बघतो की. कामात असला तर नाही बघत, पण मग त्याचा बाप तरी कुठे बघतो? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो? हा माझं मनगट धरून मला फ्रिजपर्यंत नेतो आणि माझा हात दारावर ठेवतो. मग बोट कशाला हवंय मेलं! वीस महिन्यांच्या मानाने हुशारच म्हणायचा. 'हो' लिहिलं.

रणजीत मागून वाचत होता. "नक्की ना?" म्हणाला. म्हटलं, तू गप्प बस, तुझा निकाल कालच लागलाय.

६ जानेवारी

पास! फॉर्म द्यायला गेलो तेव्हा निनाद माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला. बाईंनी उत्तरं बघितली, ठीक आहे म्हणाल्या. पण कधीही काही वेगळं वाटलं तर लाजू नका, परत या, असंही म्हणाल्या.

येताना फीणी घेतली, तुपात तळलेल्या बारीक शेवयांसारखी मिठाई. इथे संक्रांत जवळ आली की हलवायांकडे फीणीचे डोंगर लागतात. रात्री दुधात घालून खाल्ली, सांगलीला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत नव्हते? रणजीत तीन वर्षांचा होईतो बोलत नव्हता." फोन ठेवल्यावर रणजीत निनादला खांद्यावर घेऊन घरभर नाचला. मीही नाचले.

९ जानेवारी

निनादने सगळ्या डब्यांची झाकणं स्वयंपाकघरापासून दारापर्यंत एका रांगेत लावली. मी एक उचललं तर केवढा रडला. इंजिनिअर होणार हा.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत! अख्खं जयपूर गच्चीवर. सकाळपासून "वो काटा"चा आरडाओरडा. मी तिळाचे लाडू केले, घरमालकीण भाभीजींनी पकौड्या पाठवल्या. रणजीतने सात पतंग घालवले आणि तरी आपण उस्ताद असल्यासारखा वावरत होता.

निनाद तर नुसता खिदळत होता. पतंगांना नाही, मांज्याच्या चरखीला. ती गरगर फिरली की टाळ्या. इतकं हसरं पोर आहे माझं, बघून ऊर भरून येतो. मी म्हटलं, निन्या, तो लाल पतंग बघ! त्याने माझ्या बोटाकडे बघितलं. मग तोच हात ओढून चरखीवर ठेवला, फिरव म्हणून.

भाभीजींची नात त्याच्याहून महिन्याने लहान. एकेका पतंगाकडे बोट करायची आणि आजीकडे वळून बघायची. तुलाही दिसला ना, असं. दिवसभर तेच. निनाद एकदाही माझ्याकडे असा वळला नाही.

हे लिहायचं नव्हतं.

१५ जानेवारी

दिवसभर मी बोट दाखवत फिरले. पंखा, खार, बाबांची स्कूटर. तो खूप हसला. माझ्या हाताशी खेळत बसला.

१७ जानेवारी

सकाळी रणजीत हेल्मेट घालत होता. म्हटलं, मला तिसरा फॉर्म भरायचाय. त्याने हेल्मेट काढून ठेवलं. ऑफिसला फोन करून रजा सांगितली आणि निनादचे बूट शोधायला लागला.

दवाखान्यातच भरला. नीट विचार करून सहा ठिकाणी 'नाही' लिहिलं. माथुरबाई म्हणाल्या, यावरून ऑटिझमच आहे असं नाही, तपासणी करू. पण त्याला खेळातून शिकवायचं काम आजपासूनच सुरू करायचं. "बीस महीने में ले आईं आप, बहुत अच्छा किया." त्यांनी जमिनीवर बसून आम्हाला दोन खेळ शिकवले. निनाद तिथेही खिदळला. मीही हसले, आणि किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

ह्या वहीतसुद्धा मी इतके दिवस पास होण्यासाठीच फॉर्म भरत होते.