दाराबाहेर

हॉपवेल, श्रॉपशर
१४ मार्च

प्रिय नेरिस,

तू आणि मुलं मजेत असाल अशी आशा आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. रागाने खाली ठेवलंस तरी ते टेबलावर वाट बघत बसेल.

इथे थंडी काही हटत नाही. तुझ्या बाबाच्या कोंबड्या मी घरी आणल्या आहेत. मालकासारख्याच हेकट! दाणे टाकले की आधी माझ्याकडे अशा बघतात, जणू खाऊन माझ्यावरच उपकार करणार आहेत.

दुसरी बातमी म्हणजे मिस अँस्टींचं पत्र आलं. श्रूसबरीत धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तांना कायदा आणि कारभार शिकवणाऱ्या वकीलबाई. गेल्या वर्षी मी त्यांच्याच वर्गाला गेले होते, आठवतं? तेव्हापासून तुझा बाबा, आपला विल्फ, मला 'वकीलबाई' म्हणून चिडवायचा. 'हेस्टर, केक कापायला ठराव लागतो का गं?' असं टेबलावर सगळ्यांसमोर.

आता नव्या विश्वस्तांपुढे मी येऊन बोलावं असं त्या म्हणतात. आमच्या विश्वस्त मंडळाच्या चिटणिसांनी त्यांना माझी हकिगत कौतुकाने कळवली आहे. 'आदर्श उदाहरण' असं लिहिलंय मिस अँस्टींनी. ते वाचून मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले.

हकिगत कसली, ते तुला सांगायला हवं. आमचं मंडळ गरजू म्हाताऱ्यांना राहायला देतं त्या चर्चमागच्या धर्मादाय घरांपैकी तळमजल्यावरचं एक रिकामं झालं, तेव्हा विल्फने अर्ज केला होता. मंडळाची अध्यक्ष मी, अर्जदार माझा सख्खा भाऊ. वर्गात शिकवलं होतं की अशा वेळी आपला हितसंबंध जाहीर करायचा आणि उठून बाहेर जायचं. मिस अँस्टींनी आणखीही सांगितलं होतं, 'जाण्याआधी मंडळाने काही विचारलं, तर माहिती जरूर द्या.' पण मी इतक्या लगबगीने उठले, की कुणाला विचारायला सवडच मिळाली नाही. नियम पाळताना मला सगळ्यांनी बघावं, असं वाटत होतं गं मला.

बाहेर कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी राहिले. दार जुनं, आतलं सगळं ऐकू येतं.

'विल्फला जिना झेपतो का?' कुणीतरी विचारलं.

'विल्फला?' मंडळातला कॉलिन ट्रँटर हसला. 'अहो, तो अजून मेंढरं खांद्यावर टाकून कुंपण ओलांडतो! ठणठणीत आहे गडी. मिसेस पेपलोंना गुडघ्यांचा त्रास, घर त्यांना द्या.'

विल्फला मी त्याच्या घरच्या जिन्यात अर्ध्यावर बसलेलं पाहिलं होतं. ओठ निळे, हात कठड्यावर. 'दम खातोय जरा, गावभर दवंडी पिटू नकोस,' म्हणाला होता. हे गावात फक्त मला माहीत होतं. माझा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी मला आत बोलावलं. मी सगळ्यांचे आभार मानले. आणि नकाराच्या पत्रावर अध्यक्ष म्हणून सही केली. ती सही माझी, एवढंच त्याला दिसलं. मंडळातलं बोलणं बाहेर काढायचं नाही, हेही वर्गात शिकवलेलंच, म्हणून मी त्याला काही सांगितलं नाही. त्यानंतर तो चर्चच्या फाटकात माझ्या शेजारून निघून जायचा, टोपीसुद्धा न उचलता. फेब्रुवारीत तो त्याच जिन्यात गेला.

मिसेस पेपलोंवर राग धरू नकोस. गुडघे त्यांचे खरंच दुखतात. खिडकीत त्यांनी फुलं लावली आहेत. मी तिथून जाताना दुसरीकडे बघते.

श्रूसबरीला मी जाणार आहे. त्या नव्या लोकांना सांगेन, बाहेर जा, जायलाच हवं. पण उठण्याआधी जे फक्त तुम्हाला माहीत आहे ते बोलून जा. कुणी विचारलं नाही, तर 'मला विचारा' म्हणा. मिस अँस्टींना हे उदाहरण कितपत रुचेल, देव जाणे.

अंत्यविधीनंतर चहाच्या वेळी तू सगळ्यांसमोर विचारलंस, 'आत्या, हात कुठल्या बाजूने वर केलास?' मी म्हणाले, सांगता येणार नाही. तू कप ठेवून निघून गेलीस. आज तो नियम मी मोडते. नेरिस, मी त्या खोलीत नव्हतेच. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. त्याच्या बहिणीने त्याच्याविरुद्ध हात वर केला, असं समजून तो गेला, निदान तू तसं समजू नयेस.

शनिवारी दुपारी मी तुझ्याकडे येते आहे. आत घेतलं नाहीस तरी समजेन. पण या वेळी मी दार वाजवणार आहे.

तुझी, आणि अजूनही त्याची,
हेस्टर आत्या