अकरा ओळींची एक ओळ

२८ ऑगस्ट, गुरुवार

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून सॉफ्टवेअरचे कंटेनर कसे सांभाळावेत — या विषयावर मी, दोन कथासंग्रहांची लेखिका, प्रश्नोत्तरं लिहितेय! कंपनीचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बेळगाव-निपाणीकडच्या नऊ वाचनालयांत चार वर्षांपूर्वी बसवलंय. आता नवी आवृत्ती ग्रंथपालांनीच लावायचीय आणि त्यांना इंग्रजी सूचना कळेनात, म्हणून मी.

सन्मती — आमचा इंजिनिअर, वय सव्वीस, आत्मविश्वास साठीचा — समजावतो, "आक्का, कंटेनर म्हणजे डबा समजा. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात." मग डबाच म्हणा की. नाही, म्हणतो, कंटेनरच!

२९ ऑगस्ट

प्रश्न आले. डबा चालू आहे हे कसं ओळखायचं? डब्याच्या आत कसं शिरायचं? येळ्ळूरहून एकाने विचारलंय, काळा पडदा पांढरा करून मिळेल का. धन्य.

उत्तर तिसरं लिहिलं: "यादी मागितली की फक्त चालू डबे दिसतात. थांबलेले पाहायचे तर 'सगळे दाखव' असं वेगळं सांगावं लागतं." लिहिलं आणि हात थांबला. बाबा गेल्यापासून घरात त्यांचं नाव मुद्दाम काढल्याशिवाय निघत नाही.

पुरे. डब्यांवर कसले हुंदके.

१ सप्टेंबर, सोमवार

कोगनोळीच्या वाचनालयाचे बाबगोंडा अण्णा. सलग चौथ्या दिवशी फोन, प्रश्न तोच. "न्हवं आक्का, जुना डबा काढून नवा लावला की आतलं कुठं जातंय?" आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षणाचं व्रत चालू आहे, दिवसातून एकदा जेवतात, तरी आवाज खणखणीत.

"अण्णा, लिहून पाठवते."

"व्हय, लिवूनच द्या. लिवलेलं बरं."

फोन ठेवतील तर शपथ. पुस्तक परत करताना वाचक जे बोलतो ते सगळं चार वर्षं टाइप करून ठेवलंय म्हणे. "तुमच्या पुस्तकाखाली बी शालूबाईचं बोलणं हाय."

"काय म्हणाल्या?"

"ते सांगत न्हाय. येऊन बघा."

ऐंशी किलोमीटर? कोण्या एका शालूबाईसाठी?

२ सप्टेंबर

अण्णांच्या प्रश्नावर सन्मतीने अकरा ओळी लिहून दिल्या आणि सुट्टीवर गेला. डबा नुसता थांबवला तर असं, काढून टाकला तर तसं, काढण्याआधी आतल्या माहितीची प्रत बाहेर ठेवा, प्रत अशी घ्या, मग ती अशी तपासा... निबंध! इतकं कोण वाचतं? या लोकांना वाक्य संपवायचं शिकवलेलंच नसतं.

कापलं. एकच ओळ ठेवली: "आतली माहिती तशीच राहते, काळजी नसावी." सुटसुटीत. याला म्हणतात मराठी.

३ सप्टेंबर

उत्तरं गेली. सुटले.

४ सप्टेंबर

अण्णांचा फोन नाही. खरं तर बरं वाटायला हवं.

६ सप्टेंबर, शनिवार

सन्मती आला. कोगनोळीचा फोन त्यालाच गेला होता. बुधवारी संध्याकाळी अण्णांनी माझं उत्तर वाचलं, जुना डबा काढून टाकला, नवा लावला. नवा रिकामा. पुस्तकांची नावं जुन्या कागदी वहीत आहेत. वाचकांचं बोलणं मात्र फक्त डब्यातच होतं. चार वर्षांचं.

"परत आणता येईल?"

"न्हाय, आक्का. बाहेर प्रतच न्हाय." मग माझ्याकडे न बघता, "मी लिहिलो होतो की."

अण्णांना वाटतंय, आपलंच बोट भलत्या बटणावर पडलं. सन्मतीने त्यांना खरं सांगितलं नाही. मीही नाही.

आता शालूबाई काय म्हणाल्या होत्या ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि मला ते हवंय.

७ सप्टेंबर

उद्या क्षमावणी, वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस. मोबाइलवर आजपासूनच सुरू — कमळ, जोडलेले हात, दोनशे जणांना एकच माफी. कशाची, ते कोणी लिहीत नाही. आई असेपर्यंत आम्ही दारोदार जाऊन, समोर उभं राहून मागायचो.

मीही एक कमळ निवडलं. अण्णांचं नाव काढलं. त्याखाली लिहायला एक सुटसुटीत ओळ शोधत बसले. सुचलीसुद्धा. लाज वाटली, पुसली.

८ सप्टेंबर

सकाळी सातलाच अण्णांचा फोन. "रोज त्योच प्रश्न इचारून लई तरास दिला तुमास्नी. उत्तम क्षमा, आक्का."

मी सन्मतीच्या अकरा ओळी उघडल्या आणि सगळ्या वाचून दाखवल्या. म्हटलं, "अण्णा, तुमचं बोट चुकलं नव्हतं. हे मी कापलं होतं."

 अण्णा म्हणाले, "कशाला कापलासा? म्या वाचल्या आसत्या की."